तेरा वर्षे वजनावर केलेले काम ‘सेवा’ म्हणून धरले जाते का?

कुडाळची लेक (प्रश्न)

नमस्कार. माझी आई वेंगुर्ले तालुक्यातील एका काजू कारखान्यात २०१२ च्या गणपतीनंतर कामाला लागली आणि गुडघे साथ देईनासे झाल्यावर २०२५ च्या दिवाळीत तिने ते काम सोडले. तेरा वर्षे ती काजू फोडण्याच्या, म्हणजे तिच्या भाषेत कटिंगच्या, विभागात होती. वाफवलेली बी डाव्या हाताने पात्यांच्या मध्ये धरायची, पायाने पेडल दाबायचे, उजव्या हाताने दांडा ओढायचा आणि टरफल उकलून गर न मोडता बाहेर काढायचा, हे काम दिवसातून हजारो वेळा करावे लागते. टरफलातील तेलाने बोटांची कातडी काळी पडून सोलवटते, म्हणून कामाला बसण्यापूर्वी हातांना खोबरेल आणि राख चोळण्याची तिची सवय होती. काम सोडून तीन महिने झाले, तरी पहाटे उठल्यावर तिचा हात अजून खोबरेलाच्या बाटलीकडे जातो.

मजुरी किलोवर होती. संध्याकाळी गर तोलला जाई. अखंड गराचा दर वेगळा आणि तुकड्याचा त्याहून कमी. हजेरीपट नव्हता, वजनाची वही होती आणि ती मुकादमाकडे असे. कारखान्यात चाळीसच्या आसपास बायका होत्या. २०१७ मध्ये त्याच आवारात दुसऱ्या नावाची पाटी लागली आणि निम्म्या बायका त्या नावावर दाखवल्या गेल्या, पण शेड, काटा आणि मुकादम तेच राहिले. गावची बी संपली की आफ्रिकेतून आलेली बी फोडायला येत असल्यामुळे कारखाना वर्षातील दहा महिने चालत असे आणि जुलैच्या मध्यापासून गणपती होईपर्यंत बंद राही. दरवर्षी दिवाळीला एक साडी मिळे आणि तिलाच सगळ्या बोनस म्हणत.

काम सोडताना आईने हिशोबाचे विचारले, तेव्हा तिला सांगण्यात आले की तुम्ही वजनावर होता, पगारावर नव्हता, त्यामुळे तुमची सेवा धरली जात नाही. आई मुकाट्याने घरी आली. मी चिडले, तेव्हा ती मलाच म्हणाली, “माझी खयची नोकरी? मी काजूक जातंय.”

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. माझे वडील एसटीत वाहक होते. ते ड्युटीवर जात, रजा टाकत, त्यांची साप्ताहिक सुट्टी ठरलेली असे आणि निवृत्तीच्या दिवशी आगारात त्यांचा सत्कार झाला. आई त्यांच्याआधी उठे आणि त्यांच्याइतकेच तास राबे, पण ती ‘ड्युटीवर’ कधी गेली नाही. ताप आला तर वडील रजेवर असत आणि आईचा खाडा होई. एकाच घरातील दोन माणसांच्या कामाला दोन वेगळे शब्द होते, आणि मी शाळेत असल्यापासून ते शब्द ऐकत असूनही त्यांतील फरक मला आता, तिशी ओलांडल्यावर कळतो आहे.

म्हणून माझे दोन प्रश्न आहेत. पहिला सरळ आहे: तिला कायद्याने काही मिळते का? दुसरा असा की, कायदा आपल्या कामापर्यंत पोहोचला किंवा पोहोचला नाही म्हणून आपल्याला स्वतःचेच काम निराळे वाटू लागले, असा अनुभव आणखी कोणाला आला आहे का?

निवृत्त कामगार अधिकारी, रत्नागिरी

आपल्या आईंना जे सांगितले गेले ते चुकीचे आहे, हे प्रथम स्वच्छ लिहितो. त्यांनी काम ऑक्टोबर २०२५ मध्ये सोडले, आणि जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या नव्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यामुळे त्यांच्या बाबतीत १९७२ चा उपदान कायदा, म्हणजे लोक ज्याला ग्रॅच्युइटीचा कायदा म्हणतात तोच, पाहावा लागेल. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला तो लागू होतो, पाच वर्षांची अखंड सेवा झाली की हक्क उत्पन्न होतो, आणि स्वतःहून काम सोडले तरी तो हक्क जात नाही. वजनावर किंवा नगावर काम करणाऱ्याचा हिशोब कसा करावा, हे त्या कायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलेले आहे: काम सुटण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत मिळालेल्या एकूण मजुरीची सरासरी काढून त्यावरून एका दिवसाची मजुरी ठरवायची. ज्या कायद्याने हिशोबाची रीत घालून दिली, त्या कायद्यात असा कामगार बसत नाही असे म्हणता येणार नाही.

रीत अशी आहे. सरासरी मजुरी दिवसाला समजा ३०० रुपये निघाली, तर दर वर्षाचे १५ दिवस या हिशोबाने तेरा वर्षांचे १९५ दिवस होतात आणि रक्कम ५८,५०० रुपये येते. मालक येथे एक मुद्दा काढण्याची शक्यता आहे, की कारखाना हंगामी आहे. हंगामी आस्थापनेत जे वर्षभर कामाला नसतात, त्यांना हंगामामागे सात दिवसांचीच मजुरी मिळते, म्हणजे तीच रक्कम २७,३०० रुपयांवर येते. दहा महिने बाहेरून बी आणून चालणारा कारखाना हंगामी कसा, हा प्रश्न आपण जोरात विचारला पाहिजे. मे महिन्यात सुरू होऊन आषाढात बंद पडणाऱ्या आंबा कॅनिंगची गोष्ट वेगळी आहे.

या रीतीत मला नोकरीत असल्यापासून खुपणारी एक गोष्ट आहे. महिन्याच्या पगारावरील माणसाचा शेवटचा पगार बहुधा त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा पगार असतो. वजनावरील बाईचे मात्र शेवटचे तीन महिने हे तिच्या सर्वांत कमी वजनाचे असतात, कारण गुडघा दुखतो किंवा डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच ती काम सोडत असते. तेरापैकी बारा वर्षे तिने भरपूर गर काढला, तरी हिशोब शरीर थकल्यानंतरच्या तीन महिन्यांवर होतो. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही वजनावरील कामगाराची हीच रीत कायम राहिली आहे, आणि ती बदलावी असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत निदान एवढे करता येते, की त्या तीन महिन्यांतील मजुरी किमान वेतनापेक्षा कमी भरत असेल तर तीही दुरुस्त करून मागावी. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम १७ नुसार, ज्या कामाला वेळेवरचे किमान वेतन ठरले आहे तेथे नगावर काम करणाऱ्यालाही त्यापेक्षा कमी देता येत नसे.

अखंड सेवा म्हणजे एक दिवसही खाडा नाही, असा अर्थ नाही. बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले की ते वर्ष अखंड धरले जाते; हंगामी आस्थापनेत ती जितके दिवस चालली त्याच्या ७५ टक्के दिवस पुरतात. आपली चूक नसताना काम बंद पडले, तर त्यानेही सेवा तुटत नाही, म्हणून २०२० च्या टाळेबंदीची काळजी करू नये. दुसऱ्या पाटीचेही तसेच आहे. शेड, काटा आणि माणसे तीच असताना नाव बदलल्याने सेवा नव्याने सुरू होत नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्याला वीस माणसांची अट आहे आणि बहुधा त्यासाठीच बायका दोन नावांत वाटून प्रत्येक नावावर वीसपेक्षा कमी दाखवल्या गेल्या असाव्यात. पण त्या कायद्याचे कलम २-अ सांगते की एका आस्थापनेचे विभाग किंवा शाखा कोठेही असल्या तरी ती एकच आस्थापना धरावी. त्याची तक्रार भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडे स्वतंत्रपणे करावी.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी एक प्रसंग लिहितो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका काजू कारखान्याच्या तपासणीला गेलो होतो. प्रत्येक बाईला विचारले की किती दिवस काम करता, आणि प्रत्येकीने उत्तर दिले की आजच आले. साठीच्या जवळ आलेली एक बाईही तेच म्हणाली आणि म्हणताना तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. तिची बोटे नखांपर्यंत काळी होती आणि तो रंग एका सकाळचा नव्हता. मला सत्य दिसत होते, पण लिहिण्यासाठी माझ्यापुढे तिचा जबाबच होता. ती खोटे बोलत होती असे मी कधीही म्हणणार नाही, कारण उद्या तिला पुन्हा त्याच पेडलवर बसायचे होते आणि मी जीपमध्ये बसून रत्नागिरीला परत जाणार होतो.

लोट्याचा ठेका कामगार, खेड

कुडाळच्या ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत होते. पहिली सहा वर्षे ते बदली कामगार होते, म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभे राहायचे, एखादा कायम कामगार आला नाही तर आत जायचे, नाहीतर खोलीवर परत यायचे. ते सांगत की बदलीच्या दिवसांत माणूस दुसऱ्याच्या आजारपणाची वाट पाहू लागतो आणि त्याची त्यालाच लाज वाटते. कायम झाल्यावर त्यांनी गावी आजोबांना पत्र पाठवले, आणि ते पत्र आजोबांनी देव्हाऱ्यात ठेवले होते. मी ते पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि वडील गावी परतले ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत.

मी लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत चौदा वर्षे आहे. सुरुवातीला कंपनीच्या थेट हजेरीवर तात्पुरता होतो. तेव्हा सात महिने झाले की ब्रेक मिळे आणि महिनाभराने पुन्हा बोलावणे येई. आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुना नियमांत, २४० दिवसांनी कायम करण्याची तरतूद होती, म्हणून तो आकडा येण्यापूर्वी आम्हांला बाहेर काढले जाई, हे मला पुष्कळ उशिरा समजले. कामगाराला कायम होण्याचे लाभ मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे ही १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहे, तरीही मी तीन वर्षे ब्रेक घेतले. घरी सर्वांना वाटे की मला सुट्टी मिळाली आहे. त्या महिन्यात मी बायकोबरोबर बाजारात जाणे टाळत असे, कारण कोणी ना कोणी विचारी, “काय, सुट्टीवर का?”

त्यानंतर ठेकेदारामार्फत लागलो. आजवर पाच ठेकेदार बदलले, पण गेट, रिॲक्टर आणि माझे हेल्मेट बदलले नाही. एक गोष्ट मात्र खरोखर सुधारली, आणि ती लिहिणे मला आवश्यक वाटते. पूर्वी प्रत्येक नव्या ठेकेदाराबरोबर भविष्यनिर्वाह निधीचे नवे खाते उघडले जाई आणि जुन्या खात्यातील पैसे अर्धवट अडकून पडत. २०१४ मध्ये यूएएन, म्हणजे सगळी खाती एकत्र जोडणारा निधीचा कायमचा क्रमांक आला आणि तो ठेकेदाराचा नसून माझा आहे. मोबाइलवर पासबुक उघडले की पाचही ठेकेदारांची नावे एकाखाली एक दिसतात. माझी चौदा वर्षे एका जागी लिहिलेली मी पहिल्यांदा तेथे पाहिली, आणि दहा वर्षांच्या वर सेवा झाल्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी थोडे का होईना निवृत्तिवेतन मिळेल, हे कळल्यापासून मी कामावर जाताना वेगळा जातो. मुलाला मी आता ‘कंपनीत जातो’ असे सांगतो. पूर्वी मी ‘ठेक्यावर जातो’ असे म्हणत असे.

उलट बाजूही आहे. कायद्याने जादा तासांना दुप्पट दर आहे आणि जादा तासांना मर्यादाही आहे. माणूस आला नाही की दुसरी पाळी करावी लागते, आणि ती कागदावर दिसू नये म्हणून एका कारखान्यात आम्हांला ठरलेली पाळी संपल्यावर अंगठा लावून बाहेर जायला आणि बाजूच्या फाटकाने परत आत यायला सांगत. पैसे मिळत, पण एकेरी दराने आणि ‘इतर भत्ता’ या नावाने. पैशांपेक्षा मला भीती दुसऱ्या गोष्टीची वाटे. रात्री दोन वाजता व्हॉल्व्हपाशी उभा असताना मनात येई की आता काही झाले, तर कागदाप्रमाणे मी दहा वाजता घरी गेलेलो आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात अपघात कामावर असताना आणि कामामुळे झालेला असावा लागे, आणि मी तर कामावरच नव्हतो.

काजू उद्योजक, सावंतवाडी तालुका

मी मालकाच्या बाजूचा आहे, म्हणून आधी हे मान्य करतो की ताईंच्या आईंचे पैसे देणे लागते आणि ते दिले गेले पाहिजेत.

आमच्या धंद्यात आकड्यांचा धाक फार असतो. मी सुरुवात सात बायकांपासून केली. अठरा झाल्यावर मी तीन वर्षे तेथेच थांबलो. मागणी होती, शेडमध्ये जागा होती, आणखी चार पेडल मशिने ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली होती. त्या काळात शेजारच्या वाडीतील एक बाई दोनदा काम मागायला आली. तिचा नवरा आंब्याच्या झाडावरून पडून अंथरुणाला खिळला होता. मी तिला दोन्ही वेळा सांगितले की जागा नाही, आणि ती ताडपत्रीकडे पाहत परत गेली. तिला काय माहीत की विसाव्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी लागू होतो आणि मी त्या विसाला घाबरतो आहे! मला पैशांची भीती होतीच, पण त्याहून अधिक भीती विवरणपत्रांची, ऑनलाइन चलनाची आणि चुकलो तर लागणाऱ्या दंडाची होती, कारण माझे शिक्षण बारावीपर्यंत आहे आणि हिशोब माझी पत्नी लिहिते. कायद्याची पायरी एका माणसावर येऊन उभी राहते, तेव्हा तिच्या अलीकडचा माणूस बाहेर राहतो, हे मी स्वतः करून पाहिले आहे. दहा माणसांनंतर थोडे, वीसनंतर आणखी थोडे, अशी ती पायरी उतरती असती तर माझ्यासारखे पुष्कळ जण थांबले नसते असे मला वाटते.

२०१६ मध्ये मी धीर केला आणि आज माझ्याकडे तेवीस बायका आहेत. पहिल्या महिन्यात बारा टक्के कापले गेले तेव्हा आमच्याकडे जवळपास भांडण झाले. एकीने विचारले, “आमच्या घामाचे पैसे सरकारला कशाला?” मी समजावले, पण मलाही नीट समजावता आले नाही. सात वर्षे भरल्यावर त्यांतील एकीने मुलीच्या लग्नासाठी स्वतःच्या हिश्श्यातून पैसे काढले, आणि त्या दिवसापासून कापणीविषयी कोणी बोलत नाही. उलट आता नवी बाई आली की जुन्याच तिला आधार कार्ड आणि बँकेचे पुस्तक आणायला सांगतात.

नव्या संहितांत प्रत्येकाला नियुक्तिपत्र देण्याचे आले, म्हणून डिसेंबरात मी तेवीस पत्रे छापून घेतली. पदाच्या जागी मी सर्वांना ‘कामगार’ असे लिहिले होते. बायकांनी ते वाचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सोलणीच्या विभागातील तिघी माझ्याकडे आल्या. त्यांचे म्हणणे असे, की कटिंग, सोलणी आणि ग्रेडिंग ही तीन वेगळी कामे आहेत आणि पत्रात तसे लिहिलेले हवे. गराचा पापुद्रा सुरीने काढताना गर न खरचटणे याला वर्षभराचा हात लागतो. मी तेवीसही पत्रे पुन्हा छापली.

हर्णैचा तांडेल

मी तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचा प्रमुख आहे. आमच्या होड्यांवर यातले काहीच नाही, म्हणून दोन शब्द लिहितो. डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा गेला की उरलेल्याचे वाटे पडतात, आणि वाटा घेणारा खलाशी स्वतःला कोणाचा नोकर समजत नाही. त्यात एक मान आहे, हे मी नाकारणार नाही. मालकाचा मुलगाही जाळे ओढताना माझा शब्द मानतो. पण १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा त्या वाट्यातून काही येत नाही आणि खलाशी पुढच्या हंगामाची उचल घेतो. उचल घेतली की पुढच्या वर्षी होडी बदलता येत नाही. बरेच खलाशी नेपाळहून येतात आणि त्यांच्यापैकी कोण कोणत्या होडीवर किती वर्षे होता, हे तांडेलाच्या डोक्यातच असते. मी दोन वर्षांपासून वही ठेवू लागलो आहे. नाव, गाव, घरच्या माणसाचा फोन आणि होडीवर चढल्याची तारीख, एवढेच त्यात लिहितो, कारण एकदा एक मुलगा पाण्यात गेला आणि त्याच्या घरी कळवायला आमच्यापैकी कोणालाही त्याच्या गावाचे नाव सांगता आले नाही.

कुडाळची लेक

सर्वांचे मनापासून आभार. रत्नागिरीच्या काकांचे उत्तर मी आईला दोनदा वाचून दाखवले. पहिल्यांदा ऐकून ती गप्प राहिली. दुसऱ्यांदा शेवटच्या प्रसंगापाशी आल्यावर ती म्हणाली की आम्हांलाही तसेच सांगून ठेवलेले असे, साहेब आले की आजच आले म्हणायचे. मग ती उठली आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली.

पेटीत भिंतीवरची जुनी कॅलेंडरे होती. आईने दरवर्षीचे कॅलेंडर गुंडाळून ठेवलेले आहे, आणि प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने त्या दिवसाचे वजन लिहिले आहे: साडेसहा, सात, सात पाव. अखंड गर वर आणि तुकडा खाली. मुकादमाच्या वहीत चूक झाली तर बोलता यावे म्हणून ती हे लिहीत होती. ज्या चौकटी रिकाम्या आहेत ते खाडे. माझ्या बारावीच्या परीक्षेचे दिवस रिकामे आहेत, आजीच्या आजारपणातील एक अख्खा आठवडा रिकामा आहे. तेरापैकी अकरा वर्षांची कॅलेंडरे मिळाली, २०१४ आणि २०१८ ची पेटीत नाहीत. २०१८ पासून मजुरी बँकेत जमा होत असल्यामुळे त्या वर्षाला निदान पासबुक आहे.

काल रात्री आम्ही दोघी दिवस मोजायला बसलो. २०१३ मध्ये २५३ निघाले, २०१५ मध्ये २४६, २०१६ मध्ये २३८. त्या दोन दिवसांपाशी मी अडखळले, तेव्हा आईने विचारले की २४० च कशाला. तिला हा आकडा गराचा दर्जा म्हणूनच ठाऊक आहे. एका पौंडात साधारण तेवढे अखंड गर भरतात आणि कारखान्यात दोनशेचाळीसचा माल म्हटले की तो वरचा माल. कायद्यातही वर्ष मोजायला तोच आकडा आहे असे मी सांगितले, तेव्हा तिने २०१६ चे कॅलेंडर माझ्या हातातून घेतले आणि स्वतः पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. तिला आणखी तीन चौकटी सापडल्या, कारण पेन्सिल इतकी पुसट झाली होती की मला त्या रिकाम्या दिसल्या होत्या.

आता दोन अडचणी आहेत. कारखान्याने आपली वही दाखवली नाही, तर ही कॅलेंडरे चालतील का? आणि अर्जाच्या नमुन्यात ‘धारण केलेले पद व तिकीट क्रमांक’ असा रकाना आहे. आईला पद नव्हते आणि क्रमांकही नव्हता. तेथे काय लिहावे?

निवृत्त कामगार अधिकारी, रत्नागिरी

कॅलेंडरे जपून ठेवा. हजेरी आणि मजुरीच्या नोंदी ठेवणे ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. त्या त्याने हजर केल्या नाहीत, तर ज्या दिवशी काम झाले त्याच दिवशी आपल्या हाताने लिहिलेल्या नोंदीला, बँकेच्या पासबुकाला आणि बरोबरीच्या दोन बायकांच्या शपथपत्रांना वजन येते. मूळ कॅलेंडरे कोणाच्याही हाती देऊ नयेत. प्रत्येक महिन्याचे छायाचित्र घ्यावे आणि पेन्सिल पुसट असली तरी त्यावर पेनाने गिरवू नये. २०१४ साठी त्या वर्षी आईंच्या शेजारच्या मशिनवर कोण बसत होते, ते विचारून ठेवा.

अर्ज प्रथम मालकाला द्यायचा आहे. कायद्यातील ३० दिवस उलटून गेले आहेत, पण केवळ उशिरामुळे दावा बाद होत नाही, आणि रक्कम ठरवणे हे तर कामगाराने अर्ज केला नसला तरी मालकाचेच काम आहे. अर्ज नोंदणीकृत टपालाने पोचपावतीसह पाठवावा. नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखालील दावे ऐकण्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जावे; तेथे आस्थापनेची दोन्ही नावे प्रतिवादी म्हणून लिहावीत, एक सोडून दुसरे लिहू नये.

पदाच्या रकान्यात सावंतवाडीच्या गृहस्थांकडील बायकांनी सांगितले तसेच लिहा: ‘कटिंग कामगार, वजनदर’. तिकीट क्रमांक नसल्यास रकाना रिकामा न ठेवता ‘मालकाने दिलेला नाही’ असे लिहावे. सही आईंनीच करावी, आणि त्या अंगठा लावतो म्हणाल्या तरी सहीच करून घ्यावी, कारण ज्यांनी तेरा वर्षे रोज पेन्सिलीने वजन लिहिले त्यांचे अक्षर अर्जावर आणि कॅलेंडरावर एकच दिसले पाहिजे.